उपटू नका, काढा!

आपल्याकडे इंजिनिअरिंगला आलेला प्रत्येक जण पहिल्या सेमिस्टरला दोन वस्तू हमखास घेतो. एक ड्राफ्टर आणि दुसरा पेनड्राइव्ह. ड्राफ्टर ग्राफिक्सचा पेपर झाला की ज्युनिअरला अर्ध्या किमतीत खपवला जातो. पेनड्राइव्ह मात्र चारही वर्षं किल्ल्यांच्या जुडग्याला लटकून साथ देतो. त्यात काय काय नसतं! सिनिअरची जर्नल्स, गेल्या पाच वर्षांचे युनिव्हर्सिटीचे पेपर, उबुंटूची इमेज, गॅदरिंगचे फोटो, दोन-चार सिनेमे आणि कुणाच्या तरी कृपेने आलेले तीन व्हायरस. असा हा जिवाभावाचा सोबती, पण लॅब सुटताना आपण त्याला कम्प्युटरमधून कसं काढतो? शेतातला मुळा उपटावा तसा!

आता तुम्ही म्हणाल, ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ या दोन क्लिकच्या विषयावर कुणी अख्खा लेख लिहितं का? लिहितं. कारण या दोन क्लिकवरून आपल्या वर्गाचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट श्रद्धाळूंचा. हे लोक न चुकता त्या छोट्या चिन्हावर क्लिक करतात, मेसेज येईपर्यंत थांबतात, मगच पेनड्राइव्हला हात लावतात. का? ‘करायचं असतं म्हणून.’ दुसरा गट बंडखोरांचा. ‘मी फर्स्ट इयरपासून असाच उपटतोय, काय झालं? काही होत नाही रे, बनवतात लोकांना!’ गंमत अशी की दोन्ही गटांना विचारा, ‘बाबांनो, त्या क्लिकने नक्की काय होतं?’ तर दोन्हीकडे शांतता. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय आपल्याला शंभर मार्कांना असतो. ‘बफर कॅशे’वर आपण सहा मार्कांची टीप लिहितो. पण तोच बफर कॅशे रोज आपल्या बोटांखाली असतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पेनड्राइव्ह नेहमी रीतसर काढावा. स्वतःचा असेल तर शहाणपणा म्हणून, आणि दुसऱ्याचा असेल तर कर्तव्य म्हणून. आता का, ते बघू.

आधी काय होत नाही ते सांगतो. चालू कम्प्युटरमधून ओढला की पेनड्राइव्ह ‘जळतो’, ‘शॉर्ट होतो’ अशी एक अफवा आहे. तसं नसतं. यूएसबीची रचनाच मुळी चालू मशीनला जोडता-काढता यावी अशी केलेली आहे. १९९६ साली यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींमध्ये अजय भट्ट हे नाव प्रमुख आहे, आणि हे गृहस्थ शिकले आपल्या शेजारी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात! नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगमध्ये डोकावून पाहा. चार पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन वीजपुरवठ्याच्या, मधल्या दोन डेटाच्या. नीट बघितलंत तर बाहेरच्या दोन पट्ट्या मधल्यांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब असतात. का? तर घालताना आधी वीज जोडली जावी, मग डेटा. आणि काढताना आधी डेटा तुटावा, मग वीज. एका मिलिमीटरमध्ये केवढा विचार! तेव्हा विजेच्या बाजूने घाबरायचं कारण नाही. नुकसान होतं ते दुसरीकडे.

ते समजायला कँटीनमध्ये चला. गर्दीच्या वेळी तिथला पोऱ्या काय करतो? तुम्ही दोन चहा आणि एक मिसळ सांगितलीत की तो ‘आणतो’ म्हणतो, पण लगेच आत पळत नाही. तो आणखी तीन टेबलांची ऑर्डर घेतो आणि मग एकदम आत जाऊन सांगतो. चार खेपांचं काम एका खेपेत. यात त्याचा वेळ वाचतो, आचाऱ्याचाही वाचतो. पण ‘आणतो’ म्हणणं आणि मिसळ टेबलावर येणं यात फरक आहे, आणि त्या मधल्या वेळात जर लाइट गेले आणि कँटीन बंद झालं, तर तुमची मिसळ फक्त पोऱ्याच्या डोक्यात राहते.

कम्प्युटर अगदी हेच करतो. पेनड्राइव्हवर लिहिणं हे रॅममध्ये लिहिण्याच्या मानाने फार हळू काम आहे. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम तुमचा डेटा आधी रॅममध्ये ठेवून घेते, तुम्हाला ‘झालं’ म्हणून सांगते, आणि मग सवडीने तो पेनड्राइव्हवर उतरवते. यालाच ‘राइट कॅशिंग’ म्हणतात. विश्वास बसत नसेल तर साधं गणित करा. सेकंदाला १० एमबी या वेगाने लिहिणारा स्वस्तातला पेनड्राइव्ह घ्या. त्यावर २ जीबीची फाइल लिहायला किमान २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांच्या वर लागणारच. पण लिनक्सवर कॉपी केली आणि मशीनला भरपूर रॅम असेल तर हिरवी पट्टी कितीतरी आधी टोकाला पोचलेली दिसते. मग उरलेली फाइल गेली कुठे? ती रॅममध्ये बसली आहे! पट्टी भरली म्हणजे पोऱ्याने ‘आणतो’ म्हटलं, एवढंच. लिनक्समध्ये अशा न उतरवलेल्या डेटाला चक्क ‘डर्टी’ म्हणतात, आणि तो ३० सेकंद जुना झाला की लिहायला घ्यायचा, असं मूळ सेटिंग असतं. त्यानंतर प्रत्यक्ष लिहून होईपर्यंतचा वेळ वेगळाच.

‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ म्हणजे दुसरं काही नाही. ‘बाबा रे, डोक्यात जेवढ्या ऑर्डरी आहेत तेवढ्या सगळ्या आत्ता आत सांग, आणलेलं टेबलावर ठेव, नवीन घेऊ नकोस, आणि झालं की मला सांग’, असं म्हणणं. जे जे फाइली उघडून बसलेत त्यांना सोडायला लावायचं, कॅशे रिकामा करायचा, फाइल सिस्टीम नीट बंद करायची आणि मगच ‘आता काढा’ म्हणायचं. जुन्या लोकांना विंडोज ९५ आठवत असेल. बंद करताना काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत ‘आता कम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचं वाक्य यायचं आणि मग आपण हाताने बटण दाबायचो. तत्त्व तेच. आधी आवराआवर, मग दार बंद.

बरं, अर्धवट लिहिलं गेलं तर जास्तीत जास्त काय, शेवटची ओळ जाईल, असं काही जणांना वाटतं. इथेच गफलत होते. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीची कल्पना करा, जुन्या पद्धतीची, कार्डांच्या कपाटाची. नवीन पुस्तक आलं की तीन कामं होतात. पुस्तक फडताळात जातं, त्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये जातं आणि नोंद रजिस्टरमध्ये होते. आता समजा, पहिलं काम झालं आणि ग्रंथपालांना मधेच कुणी उठवलं. पुस्तक आहे, पण कार्ड नाही. ते पुस्तक कुणालाच सापडणार नाही. किंवा उलटं, कार्ड आहे पण फडताळात पुस्तकच नाही. बहुतेक पेनड्राइव्हवर असणारी फॅट-३२ ही फाइल सिस्टीम अशीच आहे. फाइल लिहिताना मूळ डेटा एका जागी जातो, डेटाचे तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे याची साखळी फॅट नावाच्या तक्त्यात जाते (त्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात), आणि फाइलचं नाव व आकार फोल्डरच्या नोंदीत जातो. ही कामं एका झटक्यात होत नाहीत, एकामागून एक होतात. मधेच उपटलं की नोंद एक सांगते आणि साखळी दुसरंच. मग कधी फाइल शून्य बाइटची दिसते, कधी अख्ख्या फोल्डरचं नाव चित्रविचित्र अक्षरांचं होतं. म्हणजे तुम्ही हात न लावलेल्या फाइलींनाही फटका बसू शकतो. चेकडिस्क चालवल्यावर ‘फाउंड.०००’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘फाइल००००.सीएचके’ अशा फाइली सापडल्या असतील, तर त्या म्हणजे ही बेवारस पुस्तकं!

एनटीएफएसमध्ये जर्नल असतं, म्हणजे कच्च्या वहीत आधी नोंद करून मग पक्क्या वहीत उतरवण्याची सोय. त्यामुळे फाइल सिस्टीमची रचना बहुतेक वेळा सावरते. पण तुमच्या फाइलच्या आतला मजकूर त्या जर्नलमध्ये नसतो. मोठ्या पेनड्राइव्हवरच्या एक्सफॅटला तर जर्नलही नाही.

त्यात आपल्या डॉक्युमेंटची आणखी एक गंमत. वर्डची आजची ‘डॉकएक्स’ फाइल ही मुळात झिप फाइल असते. आणि झिपची अनुक्रमणिका पुस्तकासारखी पुढे नसते, ती असते सगळ्यात शेवटी. म्हणजे शेपटीचा तुकडा लिहायचा राहिला तर शेवटचं पान जात नाही, अख्खी फाइलच उघडत नाही! साध्या नोटपॅडच्या फाइलचं शेपूट तुटलं तर फक्त शेपूट जातं. ऐंशी पानी रिपोर्टचं शेपूट तुटलं तर ऐंशी पानं जातात.

आता पेनड्राइव्हच्या पोटात शिरू. आत असते फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. क्षणात पुसली जाते म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून हे नाव पडलं, असं सांगतात. त्यांनी १९८७ साली मांडलेली ‘नँड’ जातीची फ्लॅश आज आपल्या खिशात आहे. या मेमरीचा स्वभाव विचित्र. लिहायचं तर छोट्या ‘पेज’मध्ये लिहिता येतं, पण पुसायचं तर अनेक पेजचा अख्खा ‘ब्लॉक’ पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक ब्लॉक मोजक्याच वेळा पुसता येतो. म्हणून पेनड्राइव्हमधला छोटा कंट्रोलर सतत डेटा इकडून तिकडे हलवत असतो आणि कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशा जवळ ठेवतो. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कधीकधी तो नकाशाच बिघडतो. मग पेनड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो किंवा मशीनला दिसतच नाही. असं रोज होत नाही. पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी एखादी फाइल नाही, अख्खा पेनड्राइव्ह जातो. २००० साली पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले तेव्हा त्यांची क्षमता होती ८ एमबी, म्हणजे साडेपाच फ्लॉपी. तेव्हा गेला तर थोडंच जायचं. आज ६४ जीबी जातात.

आता बंडखोर मंडळींचे मुद्दे घेऊ. त्यांना उत्तर न देता पुढे जाणं बरं नाही.

मुद्दा पहिला: ‘इतकी वर्षं उपटतोय, काही झालं नाही.’ बरोबर आहे. कारण धोका असतो तो लिहिणं चालू असण्याच्या काही सेकंदांत. बाकी वेळ उपटला तर काहीच होत नाही. पण ते सेकंद कधी चालू आहेत हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, हीच तर अडचण आहे. हेल्मेट न घालता रोज स्वारगेटहून कात्रजला जाणारा माणूसही हेच म्हणतो.

मुद्दा दुसरा: ‘पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबला की काढायचा.’ आधी तर सगळ्या पेनड्राइव्हना दिवा नसतो. असला तरी तो फक्त पेनड्राइव्हवर काही चाललंय का, एवढंच सांगतो. रॅममध्ये अजून काय पडून आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? आचाऱ्याची शेगडी बंद दिसली म्हणजे पोऱ्याच्या डोक्यातल्या ऑर्डरी संपल्या असं नाही.

मुद्दा तिसरा: ‘मी फक्त वाचत होतो, लिहिलंच नाही.’ तुम्ही लिहिलं नसेल, मशीनने लिहिलं असेल. वर्डमध्ये फाइल नुसती उघडली तरी शेजारी ‘टिल्ड-डॉलर’ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार होते. मॅकला लावला तर तो उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘डॉट डीएस स्टोअर’ टाकून ठेवतो. लॅबचा अँटिव्हायरस स्कॅन करत बसलेला असतो तो वेगळाच.

मुद्दा चौथा, आणि हा खरा वजनदार: ‘मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय, आता गरज नाही.’ हे अर्धं खरं आहे. विंडोजमध्ये पेनड्राइव्हसाठी दोन धोरणं असतात. ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’. पहिल्यात विंडोज लिहिण्याचं काम रॅममध्ये साठवून ठेवत नाही. वेग थोडा कमी होतो, पण पेनड्राइव्ह कधीही काढायला तयार राहतो. दुसऱ्यात साठवते, आणि तिथे ‘सेफली रिमूव्ह’ करावंच लागतं. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग झालं. २०१९ मध्ये ही बातमी जगभर फिरली आणि बंडखोरांनी जल्लोष केला. पण जरा थांबा. एक, कॉपी चालू असताना उपटला तर कुठलंही धोरण वाचवत नाही. दोन, हे सेटिंग कुणीही बदलू शकतं. तीन, मॅक आणि लिनक्स यांना ही बातमी लागू नाही. आणि चार, आपण पेनड्राइव्ह लावतो कुठे? स्वतःच्या नव्या लॅपटॉपला कमी, आणि लॅबच्या, ऑफिसच्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनला जास्त. तिथे कुठलं विंडोज आहे, कुठलं सेटिंग आहे हे तुम्हाला माहीत असतं का? जिथे माहीत नाही तिथे सावध राहायचं, हे इंजिनिअरिंगचं साधं तत्त्व आहे. पुलाचं डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतोच ना आपण? मग दोन क्लिकचा फॅक्टर ऑफ सेफ्टी घ्यायला काय हरकत आहे?

इथपर्यंत सगळं तांत्रिक झालं. पण मला हा लेख लिहावासा वाटला तो या कारणाने नाही.

आमच्या वर्गात डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली एक मुलगी होती. घरी कम्प्युटर नाही, तिच्याकडे लॅपटॉप नाही. दुपारी लॅबमध्ये, आणि रात्री रूममेटचं काम संपलं की तिच्या लॅपटॉपवर, असं करत तिने प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केला. फाइनल सबमिशनच्या आदल्या दिवशी एका झेरॉक्सच्या दुकानात ती प्रिंट काढायला गेली. सर्टिफिकेटच्या पानावर प्रोजेक्टच्या नावात एक चूक दिसली, म्हणून तिथेच फाइल उघडून ती दुरुस्त केली आणि सेव्ह केली. मागे तीस जणांची रांग, प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह. काउंटरवरच्या पोराने पुढचा लावायला म्हणून हिचा ओढला. पुन्हा लावला तर रिपोर्ट शून्य बाइटचा. आम्ही रात्री चार-पाच जणांनी बसून जे जे करता येईल ते केलं. हाती लागली ती तीन आठवड्यांपूर्वी गाइडना मेल केलेली कच्ची प्रत. पुढच्या दोन रात्री जागून तिने उरलेला भाग पुन्हा टाइप केला. सबमिशन उशिरा झालं आणि टर्मवर्कचे मार्क गेले.

‘बॅकअप का नाही घेतलास?’ असं तिला विचारणारे खूप भेटले. प्रश्न बरोबरच आहे. पण विचारणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा लॅपटॉप होता. आपल्यासाठी पेनड्राइव्हवर असते ती कॉपी. मूळ फाइल घरी लॅपटॉपवर असते. ती मला म्हणाली, ‘अरे, तुमच्याकडे लॅपटॉप आहेत. माझा कम्प्युटर हाच होता.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

नीट विचार करा, पेनड्राइव्ह उपटणारा आणि त्याचा मालक हे कितीदा वेगवेगळे असतात! लॅबमध्ये ‘ए, तुझं झालं का? माझी बॅच आहे’ म्हणत आपणच दुसऱ्याचा पेनड्राइव्ह ओढून टेबलावर ठेवतो. प्रेझेंटेशनच्या वेळी प्रोजेक्टरच्या मशीनला पुढच्या ग्रुपचा लावायचा म्हणून आधीच्यांचा काढतो. स्वतःचा उपटणारा स्वतःचं नशीब आजमावतो, त्याची मर्जी. पण दुसऱ्याचा उपटताना आपण दुसऱ्याचं नशीब आजमावत असतो, आणि त्याला न विचारता. त्यात काय आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे का, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून मी वर ‘कर्तव्य’ हा जड शब्द वापरला. दुसऱ्याची सायकल भिंतीला टेकवून ठेवताना आपण ती आपटत नाही. तसंच हे आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांनीही आपली परीक्षाच पाहिली आहे. विंडोज एक्सपीच्या काळात क्लिक केलं की मेसेज यायचा, ‘जेनेरिक व्हॉल्यूम आत्ता थांबवता येत नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा.’ हा जेनेरिक व्हॉल्यूम कोण, त्याला कुणी अडवलंय, ‘नंतर’ म्हणजे कधी, काही नाही! नंतरच्या विंडोजमध्ये ‘हे वापरात आहे, जे प्रोग्रॅम वापरत असतील ते बंद करा’ असं येऊ लागलं. पण कुठला प्रोग्रॅम, हे तरीही सांगत नाही. गंमत म्हणजे मशीनला ते बऱ्याचदा माहीत असतं! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन सिस्टीम लॉग उघडा, ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ नंबरची नोंद शोधा, कुठल्या प्रोग्रॅमने काढायला अडवलं त्याचं नाव तिथे लिहिलेलं सापडतं. म्हणजे उत्तर माहीत आहे, पण ते तळघरातल्या कपाटात ठेवलंय. मॅकची जुनी तऱ्हा तर आणखी भारी. डिस्क बाहेर काढायची तर तिचं चित्र चक्क कचऱ्याच्या डब्यात ओढायचं! आयुष्यभराचा डेटा कचऱ्यात टाकताना नवख्या माणसाचा हात थरथरला तर नवल काय? पुढे त्यांनी डिस्क ओढायला लागलं की डब्याचं चिन्ह बदलायची सोय केली.

म्हणून उद्या तुम्ही-आम्ही कंपनीत जाऊन सॉफ्टवेअर लिहू, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवू. ‘झालं’ हा शब्द झाल्यावरच दाखवायचा. आणि ‘नाही होत’ म्हणायचं असेल तर कुणामुळे होत नाही ते सांगायचं. लोक सूचना पाळत नाहीत, कारण सूचना त्यांना काही सांगत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? माझ्या चार सूचना. पटल्या तर घ्या.

एक. काढायच्या आधी त्या पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली आणि विंडो बंद करा, मग ‘इजेक्ट’ करा. कोपऱ्यातलं ते चिन्ह लपलेलं असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक केलं तरी ‘इजेक्ट’ मिळतं. लिनक्सवाल्यांनी अनमाउंट करावं. टर्मिनलवर ‘सिंक’ लिहून एंटर मारला आणि प्रॉम्प्ट परत आला की डेटा उतरला असं समजावं. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर बहुतेकदा तुम्ही स्वतःच टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये उभे असता!

दोन. काहीही करून ‘वापरात आहे’ हटत नसेल तर उपटू नका. मशीन शट डाउन करा आणि मग काढा. दोन मिनिटं जातील. रिपोर्ट पुन्हा टाइप करायला दोन रात्री जातात.

तीन. दुकानात किंवा लॅबमध्ये पेनड्राइव्हवरून थेट फाइल उघडून दुरुस्त्या करू नका. आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, तिथे दुरुस्त करा, मग परत पेनड्राइव्हवर टाका आणि जाताना डेस्कटॉपवरची प्रत पुसा. प्रिंट काढायची तर पीडीएफच न्या. आणि रिपोर्टची दुसरी प्रत कुठेही ठेवा, मित्राच्या लॅपटॉपवर ठेवा, स्वतःलाच मेल करा, पण ठेवा. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आपणहून वर्गातल्या एखाद्याला म्हणावं, ‘आण, तुझी एक कॉपी माझ्याकडे राहू दे.’ याला एक रुपया लागत नाही.

चार. ही सूचना आपल्या सर-मॅडमना. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक छोटा प्रयोग घाला ना! लिनक्स मशीनवर एक मोठी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायची आणि ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘मेमइन्फो’ फाइलमध्ये ‘डर्टी’ समोरचा आकडा बघत राहायचा. कॉपी ‘संपल्यावर’ही तो किती असतो ते टिपून ठेवायचं, मग ‘सिंक’ द्यायचं आणि तो आकडा खाली येताना पाहायचा. दहा मिनिटांचा खेळ आहे. पण बफर कॅशे जन्मात विसरणार नाही, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतील तेव्हा पोरं छातीवर हात ठेवून उत्तर देतील.

श्रद्धाळूंना सांगणं एवढंच, की करताय ते बरोबर आहे, आता का करताय तेही कळलं. बंडखोरांना सांगणं, की बंड करायला विषय पुष्कळ आहेत; हजेरीचे ७५ टक्के आहेत, मेसची भाजी आहे. या दोन क्लिकना सोडा.

आणि हो, हा लेख मी संपादक मंडळाला पेनड्राइव्हवरूनच दिला होता. शेवटचं वाक्य तुम्ही आत्ता वाचताय, म्हणजे तो कसा काढला असेल ते तुम्हीच ओळखा!